एकखांबी तंबू

रेमो फर्नांडिस या गृहस्थाने 1984 साली गोव्यातल्या शिवोली गावी, राहत्या घरात, आख्खी कॅसेट तयार केली. नाव 'गोअन क्रेझी'. गाणी त्याची, गळा त्याचा, वाद्ये त्याची, ध्वनिमुद्रणही त्याचेच. विक्रीखाते तरी दुसऱ्याकडे असेल म्हणावे, तर पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी घेऊन दुकानोदुकानी हिंडणाराही हाच! आमच्या बीडला गणपतीची वर्गणी मागायला सात माणसे लागतात, आणि आठवा पावतीपुस्तक शोधायला.

यंत्र चार पट्ट्यांचे. एका पट्टीवर ताल धरायचा, तो ऐकत दुसरीवर गिटार, असे चढवत जायचे. (बीडच्या लोडशेडिंगने हा प्रयोग गिटारीपाशीच आटोपला असता.)

मित्राने ती कॅसेट गोव्याहून आणली तेव्हा आम्ही ताल धरण्यापुरती ऐकली. परवा निवांत ऐकली आणि एकदम शेजारच्या नगर जिल्ह्यातले पुणतांबे आठवले. म्हणजे पुणतांब्याचे सी. रामचंद्र. त्यांच्या 1951 च्या 'अलबेला'तले पाश्चात्य ठेके आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांचा साहाय्यक चिक चॉकलेट म्हणजे हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवणारा ट्रंपेटवाला, हे कोणाच्या गावी असते? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरुजी. शिष्याने 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त त्यांचे नाव गाण्यात घातले. आमच्याकडे वरातीत बँडवाले ते गाणे हटकून वाजवतात, नवरदेवाचे मामा तोंडात रुमाल धरून नाचतात, आणि नाव कोणाचे? बच्चनचे!

सेबास्टियन डिसूझांसारख्या गोवेकरांनी हिंदी गाण्यांचे वाद्यमेळ लिहून काढले, तबकडीवर नाव संगीतकाराचे. बीडकराला हे समजावून सांगायला नको. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते, ऊस तोडायला गेलेल्याचे नसते.

रेमोही मुंबईला आला, जे.जे.त वास्तुशास्त्र शिकला, पण परत शिवोलीला गेला. त्याच्या कॅसेटीत जाझ किती आणि पॉप किती, हा वाद जाणकारांनी घालावा. मला त्यात त्या जुन्या जाझवाल्यांचा स्वभाव ऐकू येतो. ठरल्या चालीतून मध्येच निसटून मनाजोगते वाजवून घ्यायची त्यांना हौस, पण ती फक्त रात्री हॉटेलात भागायची. सकाळी स्टुडिओत लिहिल्याबरहुकूम वाजवा आणि पाकीट घेऊन घरी जा. रेमोच्या घरी स्टुडिओ आणि हॉटेल एकाच खोलीत होते. पाकीटही त्याचे त्यालाच स्कूटरवरून गोळा करून आणावे लागे, हे मात्र खरे.