मृत भुंग्यांचे नाटक

हालचाल दाखवावयाची असेल, तर कॅमेरा क्षणोक्षणी थांबवावा लागतो, हे विधान ऐकताना चमत्कारिक वाटेल. परंतु बाहुल्यांच्या चित्रपटाचा सारा इतिहास या एका वाक्यात सामावलेला आहे.

इसवी सन १९१० च्या सुमारास लाडिस्लाव स्तारेविच हा कीटकांचा अभ्यासक कौनास येथील निसर्गविज्ञान संग्रहालयात काम करीत होता. त्याचा जन्म १८८२ साली मॉस्को येथे पोलिश कुटुंबात झाला. कौनास त्या काळी रशियन साम्राज्यात होते. आज ते लिथुएनियात आहे. हरणाच्या शिंगांसारखे जबडे असलेल्या भुंग्यांची झुंज चित्रपटात टिपावी, असे त्याच्या मनाने घेतले. परंतु हे प्राणी पडले निशाचर! चित्रणासाठी प्रखर दिवे लागताच ते निपचित पडून राहत.

अखेर स्तारेविचने मेलेले भुंगे घेतले. त्यांचे पाय आणि जबडे सुटे केले, आणि तारेच्या व लाखेच्या साह्याने ते पुन्हा जोडले. आता पाय हवा तसा वळू लागला. पाय केसभर सरकवावयाचा, एक चित्र घ्यावयाचे, कॅमेरा थांबवावयाचा. पुन्हा सरकवावयाचा, पुन्हा चित्र! मूकपटाच्या त्या काळात सेकंदाला सुमारे सोळा चित्रे लागत. म्हणजे पडद्यावरील एका मिनिटासाठी जवळजवळ साडेनऊशे चित्रे झाली. मध्येच एखादा पाय कलंडला, की मागची मेहनत वाया.

१९१२ साली त्याने ‘कॅमेरामनचा सूड’ हा लघुपट केला. भुंगा घरी पत्नीला ठेवून नर्तकी चतुराच्या नादी लागतो. तिच्यावर आधीच अनुरक्त असलेला नाकतोडा असतो चित्रपटाचा छायाचित्रकार. तो कुलपाच्या भोकातून त्या दोघांचे चित्रण करतो, आणि चित्रपटगृहात सर्वांसमक्ष भुंग्याचे बिंग फोडतो. किड्यांना शिकवून तयार केले असावे, असे तेव्हा लंडनमधील काही वृत्तपत्रांना वाटल्याचे सांगतात.

त्याच १९१२ साली मुंबईत धुंडिराज गोविंद फाळके अशाच अडचणीशी झगडत होते. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे धडे घेतलेल्या या त्र्यंबकेश्वरच्या कलावंताला चित्रपटासाठी भांडवल हवे होते, आणि धनिकांचा विश्वास नव्हता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, आणि महिनाभराहून अधिक काळ त्याचे रोज थोडे थोडे चित्रण केले. अंकुर फुटून वेल वर चढताना पडद्यावर पाहिल्यावर पैसा मिळण्याची वाट मोकळी झाली. तरीही सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. त्यातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ अवतरला. पुढे महायुद्धामुळे भांडवल आटले, तेव्हा १९१५ च्या सुमारास फाळक्यांनी साध्या आगकाड्यांनाच नट केले. ‘आगकाड्यांची मौज’ हा तो लघुपट होय.

दोघांच्याही वाट्याला पुढे सुख आले नाही. राज्यक्रांतीनंतर स्तारेविच मायभूमी सोडून फ्रान्सात गेला. तेथे घरच्या घरी, कन्या इरेनच्या साह्याने, त्याने बाहुल्या आणि देखावे घडविले. त्याच्या कोल्ह्यावरील मोठ्या चित्रपटाचे चित्रण १९३० साली संपले. परंतु ध्वनीच्या जोडणीअभावी तो रखडला, आणि १९३७ मध्ये बर्लिनमध्ये प्रथम झळकला. १९६५ साली त्याचे निधन झाले. फाळके १९४४ साली नाशिक येथे निवर्तले.

स्तारेविचचे भुंगे आजही पडद्यावर भांडताना दिसतात. फाळक्यांच्या आगकाड्या मात्र पाहावयास मिळत नाहीत. त्यांची केवळ नोंद उरली आहे. ज्या कलावंताने एकेक चित्र जपून टिपले, त्याच्या चित्रांना जपणारे हात मात्र वेळेवर पुढे आले नाहीत.