सर्पगंधा, रक्तदाब आणि नैराश्याचं औषध

मंडळी, नैराश्यावरच्या औषधांची गोष्ट आपण मुंबईपासून सुरू करू. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावर होणारा उपयोग 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधून जगापुढे मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत या मुळीतून रेसर्पीन वेगळं काढलं गेलं. त्याने रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. रेसर्पीनमुळे मेंदूतलं सेरोटोनिन कमी होतं, हेही लवकरच समजलं.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयावर इप्रोनियाझिड देऊन पाहत होते. ते घेणारे रुग्ण कमालीचे उत्साही झाले! हे औषध मेंदूतली तीच रसायनं टिकवून धरतं. इकडे स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून स्किझोफ्रेनियासाठी इमिप्रामीन वापरून बघत होते. तिथे ते चाललं नाही, नैराश्यावर मात्र चाललं. साल १९५७.

आता या सगळ्यातून १९६५ च्या सुमारास सोपा निष्कर्ष निघाला : रसायन कमी, म्हणून नैराश्य. पण मग एक प्रश्न उरतोच. गोळी रसायनांवर काही तासांत परिणाम करते, तर मनाला उभारी यायला काही आठवडे का लागतात? रेसर्पीनच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा तो पुरावाही वाटला होता तेवढा पक्का निघाला नाही. म्हणजे औषध उपयोगी पडतं हे खरं, पण त्यामागचं कारण त्या सोप्या सूत्रात मावत नाही.

हे मी का सांगतोय? कारण आपल्याकडे लोक चार दिवस गोळी घेतात, फरक दिसत नाही म्हणून सोडून देतात, आणि घरचेही म्हणतात, "मन घट्ट कर, सगळं ठीक होईल." अहो, रक्तदाब वाढलेल्या माणसाला आपण असं सांगतो का? गोळी सुरू करणं असो की बंद करणं, डॉक्टरांना विचारूनच.

आणि उपाय गोळीवरच संपत नाही. फिलाडेल्फियाच्या एरन बेक यांनी १९६० च्या दशकात विचारांवर काम करणारी उपचारपद्धती घडवली. अनेकांना तिचा गुण येतो, काहींना दोन्ही लागतात. बोलायला कुणी नसेल, तर १४४१६ हा सरकारी 'टेलीमानस' क्रमांक लक्षात ठेवा. स्वतःसाठी नाही, तर शेजारच्यासाठी तरी.