घण, ऐरण आणि भाऊबंद

डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आर्डाचा चषक आणि टारा ब्रोच ठेवले आहेत. आठव्या शतकातले ते नाजूक काम पाहून मन थक्क होते. मला मात्र त्याहून कुतूहल वाटते ते अशा कारागिरांना बांधणाऱ्या कायद्याचे.

सातव्या-आठव्या शतकांत आयरिश कायदेपंडितांनी आपले कायदे लिहून काढले. पोलीस नव्हते, गुन्ह्याला उत्तर म्हणजे भरपाई, आणि तिला बांधील भाऊबंद. एका पणजोबाचे वंशज, अशा चार पिढ्यांच्या कुळाला 'देर्व्हिने' म्हणत. वडिलोपार्जित जमीन कुळाच्या संमतीवाचून विकता येत नसे. एकाला भरपाई झेपली नाही, तर ती बाकीच्यांच्या गळ्यात पडे.

अवजारांनाही या व्यवस्थेत मान होता. इ.स. ७००च्या सुमाराचा 'क्रीथ गावलाख' हा ग्रंथ सधन शेतकऱ्याच्या घरी कुऱ्हाड, करवत, वाकस, गिरमिट असायला हवे, असे सांगतो. अट एवढीच, की त्यातले काहीही उसने आणलेले नको! 'उराकेख्त बेग' हा ग्रंथ लोहार, तांबट आणि चांदीचे काम करणारा यांना वैद्याच्या पंक्तीला बसवतो. 'ब्रेहा एटगिद' तर घण-ऐरणीच्या कामात कोणाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची, याचाही विचार करतो. म्हणजे घण एकाच्या हातात, पण त्याची जोखीम साऱ्या कुळावर.

हे वाचताना आपली मिताक्षरा आठवणे साहजिक आहे. तिच्यातही मूळ पुरुष धरून चार पिढ्या, आणि वडिलोपार्जित व स्वकष्टार्जित असा भेद. आयरिश कायद्यातही स्वतःच्या कष्टाने मिळवलेल्या जमिनीबाबत माणसाला अधिक मोकळीक होती. १८६२ ते १८६९ या काळात भारतात कायदा सदस्य असलेल्या सर हेन्री मेन यांनी १८७५च्या आपल्या ग्रंथात या दोन परंपरांची तुलना केली होती.

आपण बहुतेक जण शेतीच्या नव्हे, हातातल्या कसबाच्या बळावर परदेशी आलो. कमाई आपली, हे खरेच. पण ते कसब शिकताना आपल्या चुकांची जोखीम कोणी उचलली होती? आईवडिलांनी, काकांनी, थोरल्या भावाने. तो आयरिश कायदा हे ऋण स्पष्ट शब्दांत मांडत होता. आपल्याकडे ते लिहिलेले नाही, म्हणून ते फिटले असे मला वाटत नाही.