आशेची पेरणी : कर्मवीर आणि प्राथमिक शिक्षक

खचलेल्या मनाला केवळ उपदेशाने उभारी येत नाही. 'हे मला जमते' असा अनुभव आला की आशा अंकुरते. प्राथमिक शाळेतील गुरुजींनी बालकास द्यावयाचे ते हेच. महाराष्ट्रात या विचाराला संस्थेचे रूप देणारे थोर पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून खेडोपाडी हिंडताना त्यांनी निरक्षर रयतेचे दैन्य जवळून पाहिले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवत आणि स्वयंपाक, शेतकाम स्वतःच करीत. दानाच्या ताटावर मूल मान खाली घालून बसते, श्रमाची भाकरी मात्र त्याला ताठ उभे करते, हे भाऊरावांनी जाणले होते. या मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले.

परंतु गावोगावी शाळा काढावयाच्या तर शिक्षक कोठून आणावयाचे? त्यासाठी १९३५ साली साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. पुढे ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तेथे व्हॉलंटरी शाळा निघाल्या. त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली. शेतकऱ्याचा मुलगा गुरुजी होऊन फळ्यापुढे उभा राहिला, की समोरच्या बालकांना आपलाही उद्याचा दिवस दिसू लागे. त्याहून मोठा धडा कोणत्या पुस्तकात असणार?

त्या काळी सिल्लोडसह सारा मराठवाडा निजामी राजवटीत होता व सरकारी शिक्षणावर उर्दूचा पगडा होता. १९४८ च्या मुक्तीनंतर मातृभाषेतील शाळांचा विस्तार झाला आणि अनेक घरांतील पहिली पिढी शाळेची पायरी चढली.

आजही कापूस वेचणीच्या दिवसांत एखादे मूल वर्गातून दिसेनासे होते. ते परतल्यावर गुरुजींनी त्यास रागे न भरता जवळ बसवावे, बुडालेला पाठ पुन्हा शिकवावा आणि एखादे छोटे काम विश्वासाने सोपवावे. समाजानेही इमारतीच्या देणगीइतकेच मोल अशा शिक्षकाच्या पाठीवरील थापेला द्यावे. कर्मवीरांनी वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह निवडले. त्या वृक्षाचे बीज मोहरीहूनही लहान असते!