रेडिओची डागडुजी : इतिहासाचे एक उपेक्षित साधन

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे बखरी, ताम्रपट, शिलालेख आणि मोडी कागदांचे रुमाल उभे राहतात. माळ्यावर धूळ खात पडलेला जुना रेडिओ हेही इतिहासाचे साधन आहे, असे कोणी म्हटल्यास श्रोत्यांस ती अतिशयोक्ती वाटेल. मग त्या रेडिओच्या पोटात कोणा मेकॅनिकने करून ठेवलेली ओबडधोबड डागडुजी तर कोणाच्या खिजगणतीतही नसावयाची. तथापि आज आम्ही जो विचार मांडणार आहोत तो नेमका या डागडुजीविषयीचा आहे. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ पुन्हा बोलते करण्याचा छंद आज पुष्कळांस आहे. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, आपल्या आधी दुसऱ्याने केलेल्या वाईट दुरुस्तीचे काय करावयाचे? ती सरसकट उपटून फेकावी, की आहे तशी राहू द्यावी?

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ते चालविणारी खाजगी कंपनी तीन वर्षांतच बुडाली आणि १९३० साली सरकारला ते काम अंगावर घ्यावे लागले. १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. वऱ्हाडास जवळचे केंद्र मिळावयास मात्र १९४८ साल उजाडले. त्या वर्षीच्या जुलैत नागपूर केंद्र सुरू झाले. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे केंद्राने गीतरामायणाची ५६ गीते ऐकविली. त्या गीतांचे कवी ग. दि. माडगूळकर हे १९७३ साली आपल्या यवतमाळात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ज्यांच्या घरी रेडिओ होता, त्यांना त्या कवीचा परिचय ग्रंथापूर्वी कानांनीच झालेला होता.

पण रेडिओ घरात येणे निराळे आणि तो चालू राहणे निराळे. जिल्ह्यातील बहुतेक खेड्यांत त्या काळी वीज नव्हती. तेथे बॅटरीवरचे संच चालत. त्यांना दोन प्रकारचा पुरवठा लागे : व्हॉल्व्हचे तंतू तापविण्यासाठी दीड व्होल्ट आणि पुढच्या कामासाठी ९० व्होल्ट. ही दोन टोके चुकून एकमेकांत गेली की चारही व्हॉल्व्ह एका क्षणात संपत. शहरात वीज होती, पण सुटे भाग कोठे होते? १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयातीवर कडक निर्बंध आले. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यातून देशी व्हॉल्व्ह मिळू लागण्यास १९६० नंतरचा काळ यावा लागला. यवतमाळला येणारा माल तर मुंबई-नागपूरच्या मोठ्या लाइनीवरून मूर्तिजापुरास उतरे आणि तेथून ११३ किलोमीटर नॅरो गेजच्या गाडीने, नाहीतर मोटारीने, रखडत येई. अशा ठिकाणी बसलेल्या मेकॅनिकने हाताशी असेल त्यावर निभावून नेले, यात नवल नाही.

आता प्रत्यक्ष डागडुजीकडे वळू. तिचे आम्ही तीन वर्ग करतो : अडचणीची, अज्ञानाची आणि लबाडीची.

अडचणीची डागडुजी ओळखू येते ती तिच्या युक्तीवरून. काटा फिरविणारी दोरी तुटली, तर तिच्या जागी शिवणाचा मेण लावलेला दोरा येतो. लाउडस्पीकरचा कागद फाटला, तर त्यावर वर्तमानपत्राचे ठिगळ खळीने चिकटविलेले असते. बॅटरी संपली, तर टॉर्चचे सेल एका पट्टीवर बांधून दीड व्होल्टांची सोय केलेली असते. विद्येच्या पुस्तकात यातले काही नाही. परंतु त्या संध्याकाळी बातम्या ऐकू आल्या, हे तिचे यश.

अज्ञानाची डागडुजी अधिक घातक असते. तिचा एक नमुना पाहा. कल्हईवाला भांड्यास नवसागर लावून कल्हई करतो. तीच रीत काही कारागिरांनी रेडिओतील तारांना लावली. डाग त्या दिवशी चकचकीत बसला. पण नवसागराचा क्षार तांब्यात मुरला, पावसाळ्यातील ओल त्याने ओढून घेतली, आणि काही वर्षांनी ती केसासारखी तार हिरवी पडून तुटली. दुसरा नमुना कागदी कंडेन्सरचा. हा कंडेन्सर जुना झाला म्हणजे त्यातून किंचित वीज झिरपू लागते. किती? अवघी पाच मायक्रोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा दोन लाखावा भाग! पण दहा लाख ओहमच्या रोधातून तेवढी वीज वाहिली तरी शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर पाच व्होल्ट चढतात. जी जाळी सात-आठ व्होल्ट उणी राहावयाची, तिचा लगाम असा सुटतो; व्हॉल्व्ह भाजून निघतो आणि त्याच्याबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो. मेकॅनिक नवा व्हॉल्व्ह बसवितो, ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देतो आणि मूळ चोर जो कंडेन्सर त्यास जागेवर ठेवतो. सहा महिन्यांनी गिऱ्हाईक पुन्हा दारात! याला रोग सोडून ताप उतरविणे म्हणतात.

लबाडीची डागडुजी सांगावयास थोडी आहे. चांगला व्हॉल्व्ह काढून दमलेला घालणे, फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळून ‘आता कधी उडणार नाही’ असे सांगणे, हे तिचे प्रकार. फ्यूज उडत नाही हे खरे. मग घर पेटते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. एसी आणि डीसी दोन्हींवर चालणाऱ्या संचांत लोखंडी चॅसिस सरळ विजेच्या एका तारेस जोडलेली असते. दोन दांड्यांचा प्लग उलटा बसला की ती सबंध चॅसिस २३० व्होल्टांवर येते. कारखान्याने म्हणूनच बटणांच्या स्क्रूवर मेण भरले होते आणि मागे पुठ्ठ्याचे झाकण लावले होते. पुढे बटण हरवले, कोणी धातूचे बसविले, झाकण उंदरांनी खाल्ले. आणि घरात शोभेला ठेवलेली वस्तू प्राणघातक झाली. अशा डागडुजीबद्दल इतिहासप्रेमाचे कारण सांगून तिला अभय देता येणार नाही. जिवाला धोका तेथे जतन नाही.

मग बाकीचीही उपटून संच कारखान्यातून आला तसा करावा काय? येथे आम्हांस अजिंठ्याचे स्मरण होते. १९२० ते १९२२ या काळात हैदराबाद संस्थानाने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आणून लेण्यांतील चित्रे सुटून पडू नयेत म्हणून उपचार करविले. त्यांत लाखेचा लेप होता. त्या काळच्या उत्तम ज्ञानाने केलेले ते काम. पण लाख पुढे पिवळी पडली, काळवंडली आणि तिच्याखाली चित्रांचे रंग झाकोळले. नंतरच्या पिढ्यांना तो लेप मोठ्या चिकाटीने, थोडा थोडा करून, उतरवावा लागला. यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, वाईट ठरणारी दुरुस्ती नेहमी वाईट माणसाच्याच हातून होते असे नाही. दुसरा असा की, आजची आपली उत्तम दुरुस्ती उद्या कोणास तरी उतरवावी लागेल.

उपाय काय, हे यवतमाळकरांस दूर जाऊन शोधण्याचे कारण नाही. डॉ. य. खु. देशपांडे यांनी येथील शारदाश्रमात महानुभावांच्या पोथ्या जमविल्या, अभ्यासिल्या. पोथीचा संपादक नंतरच्या हाताने केलेली खाडाखोड खरवडून टाकीत नाही. मूळ पाठ कोणता, मागाहून घुसलेला कोणता, हे तो ठरवितो आणि दोन्हींची नोंद ठेवतो. रेडिओ दुरुस्त करणाराने हेच करावे. माळ्यावरून उतरविलेला संच आधी विजेस लावू नये. प्रथम आतील प्रत्येक जोड पाहावा, त्याचे चित्र काढावे, छायाचित्र घ्यावे. जीवघेणे ते काढावे. यंत्रास मारणारे तेही काढावे. निरुपद्रवी ते ठेवावे. काढलेला कंडेन्सर, तो मेणाचा दोरा, एका पाकिटात घालून पेटीच्या तळाशी ठेवावा. आपले स्वतःचे काम असे करावे की पुढच्यास ते ओळखता यावे आणि सहज काढता यावे. त्यावर सालही लिहावे.

श्रोतेहो, हा आग्रह कशासाठी? रेडिओ बनविणाऱ्या कंपन्यांचा इतिहास त्यांच्या जाहिरातींत आणि नकाशांत छापलेला आहे. मर्फी, फिलिप्स, नॅशनल एको ही नावे कोणी विसरणार नाही. परंतु आपल्या जिल्ह्यातील बाजारपेठेत, कंदिलाच्या उजेडात, पुस्तकाविना आणि सुट्या भागांविना जो माणूस रेडिओ बोलता ठेवीत होता, त्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. त्याची अक्कल, त्याची अडचण आणि त्याची चूक ही तिन्ही त्या डागांत गोठून राहिली आहेत. आज असा संच भंगारात जातो, नाहीतर आतले सर्व काढून त्यात नवी मोबाइलवर वाजणारी यंत्रणा बसविली जाते. पेटी चकाकते, साक्षीदार मात्र नाहीसा होतो. भांड्याचा डाग झिजला म्हणजे आपण नवा देतो. पण हे डाग एकदा पुसले की ते पुन्हा देणारे हात कोठून आणणार?