ओतफायच्या बाजारातले दोन तास

भयकादंबऱ्यांमध्ये एक कथानक पुन्हा पुन्हा येते. साधी माणसे रोजच्या कामात असतात आणि एका क्षणात शेजाऱ्याच्या जिवावर उठतात. कारण बहुधा बाहेरचे असते. स्टीफन किंगच्या 'सेल' (२००६) या कादंबरीत ते मोबाइल फोनवरून येणाऱ्या लहरींचे आहे. अशा कारणाने वाचकाची मोठी सोय होते. माणसे मुळात भली ठरतात, त्यांचे हात कुणीतरी दुसऱ्याने हलवलेले असतात. फ्रेंच लेखक झाँ त्यूले यांनी २००९ साली अशाच प्रसंगावर कादंबरी लिहिली, पण तिच्यात लहरी नाहीत, विषाणू नाही, भूत नाही, कारण तो प्रसंग खरोखर घडला होता. १६ ऑगस्ट १८७० रोजी नैर्ऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य प्रांतात, ओतफाय नावाच्या लहानशा गावी, जनावरांच्या बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांनी आलँ द मोनेस या बत्तीस वर्षांच्या जमीनदाराला सुमारे दोन तास हालहाल करून मारले आणि शेवटी जाळले. या घटनेकडे पिसाटलेल्या जमावाची गोष्ट म्हणून पाहिले जाते. मला ते पटत नाही. अचानकपणा बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो. करणाऱ्यांच्या मनात मात्र त्या कृत्याला आधीच जागा झालेली होती, आणि ती कशी झाली हे कागदोपत्री तपासता येते.

प्रशियाशी युद्ध जुलैच्या १९ तारखेला जाहीर झाले होते आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात सरहद्दीवरून पराभवामागून पराभवाच्या बातम्या येऊ लागल्या. त्या वर्षी अवर्षण होते, वैरण नव्हती, जनावरांना गिऱ्हाईक मिळत नव्हते. पण भुकेची आणि पराभवाची चीड कुणावर काढायची, हे त्याहून जुन्या आठवणींनी ठरवले. इथल्या शेतकऱ्याला उमराव आणि पाद्री म्हणजे १७८९ च्या क्रांतीत नष्ट झालेले जमीनदारी हक्क आणि धर्मकर परत आणू पाहणारे लोक वाटत. प्रजासत्ताक म्हटले की १८४८ सालचा करवाढीचा फटका आठवे, कारण तेव्हाच्या सरकारने प्रत्यक्ष करांवर फ्रँकमागे पंचेचाळीस सांतिमांची वाढ लादली होती. या दोघांपासून वाचवणारा एकच, तो म्हणजे सम्राट तिसरा नेपोलियन. मे १८७० च्या सार्वमतात देशभरातून त्याला त्र्याहत्तर लाखांच्या आसपास होकार मिळाले, तर नकार सोळा लाखांच्या आतच राहिले. मग सम्राट हरतो तरी कसा? उमराव आणि पाद्री शत्रूला पैसे पाठवत आहेत, ही अफवा या प्रश्नाचे उत्तर म्हणून गावोगाव फिरत होती. उमराव, प्रजासत्ताकवादी आणि प्रशियन हे तिघे आपल्याला परस्परविरोधी वाटतात. त्या शेतकऱ्यांच्या लेखी ते एकच होते, सम्राटाचे वैरी. म्हणून मोनेसच्या चुलतभावाने पराभवाविषयी काही बोलून प्रजासत्ताकाचा जयजयकार केला, हा आरोप लोकांना सहज खरा वाटला. तो भाऊ निसटला. थोड्या वेळाने पोहोचलेला मोनेस सापडला. हा मनुष्य प्रकृतीमुळे सैन्यभरतीतून सुटला असूनही स्वतःहून लढायला जाणार होता. ओळखीचे लोक ओरडून त्याचे नाव सांगत होते. जमाव म्हणत राहिला की हा प्रशियन आहे.

यावर पहिला आक्षेप दारूचा घेतला जातो. बाजारात लोक प्याले होते, हे खरे. पण बाजारात लोक दरवेळी पीत. दारूने भांडण पेटते, डोकी फुटतात. दारू एकाच माणसाला निवडत नाही आणि दोन तास त्या निवडीला चिकटून राहत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गर्दीत माणसाची वैयक्तिक बुद्धी विरघळते, असे ग्युस्ताव्ह ल बाँ याने १८९५ साली मांडले आणि ते मत अजून टिकून आहे. ओतफायचा पुरावा याच्या उलट जातो. जमाव सम्राटाच्या नावाने जयजयकार करत मारत होता. आधी फाशी द्यायचा प्रयत्न झाला, ते जमले नाही तेव्हा पुढचे ठरले, आणि आटलेल्या तळ्यात गवत-काटक्या रचून त्याला जाळण्यात आले. मुख्य म्हणजे नंतर कुणी तोंड लपवले नाही. आपण प्रशियन भाजला, असे लोक सांगत सुटले आणि सम्राट बक्षीस देईल अशी काहींची अपेक्षा होती. भ्रमातून जागा झालेला माणूस असा वागत नाही. इतिहासकार आलँ कोर्बँ यांनी १९९० साली या घटनेवर ग्रंथ लिहिला तो याच धाग्यावर: या हत्येत एक राजकीय अर्थ होता, फक्त तो शहरी फ्रान्सला वाचता आला नाही. नरमांसभक्षणाची वदंता मात्र सर्वांना वाचता आली. ती सिद्ध कधीच झाली नाही, पण गावाला चिकटली ती कायमची.

तयारी सगळीकडे होती, तर हत्या इथेच का? अफवा आणि द्वेष यांनी जागा तयार होते. कृत्य घडायला आणखी काही लागते. त्या दिवशी बाजारात कायदा राखणारे शिपाई नव्हते आणि गावच्या मेयरने जखमी माणसाला आपल्या घरात आसरा दिला नाही. अडवणारे होते, पण ते पुरे पडले नाहीत: पाद्र्याने पिस्तूल घेऊन मध्ये पडून पाहिले, मग सम्राटाच्या नावाने वाइन पाजून लोकांना वळवायचा प्रयत्न केला. काही मित्र मोनेसभोवती उभे राहून मार खात राहिले.

अशा स्पष्टीकरणाने मारेकऱ्यांना सूट मिळते, हा शेवटचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उलट सूट देते ती पिसाटपणाची कल्पना, कारण वेड लागलेल्याला जाब विचारता येत नाही. मोनेसला वाचवू पाहणारेही त्याच उन्हात, त्याच अफवांच्या गराड्यात उभे होते. म्हणजे दुसरे काही करणे शक्य होते. अटका साम्राज्य टिकून असतानाच सुरू झाल्या, खटला मात्र सप्टेंबरात प्रजासत्ताक आल्यावर डिसेंबरमध्ये पेरिग्ये येथे चालला. शेकडोंच्या जमावातले एकवीस जण आरोपी झाले. शांबोर नावाच्या लोहारासह चौघांना ६ फेब्रुवारी १८७१ रोजी ओतफायमध्येच गिलोटिनवर चढवण्यात आले. न्यायालयाने त्यांना शुद्धीवर असलेली माणसे मानले आणि तेवढ्यापुरते ते बरोबर होते. उरलेल्या शेकडोंपैकी कुणी काय पाहिले आणि कोण गप्प राहिले, याचा हिशेब त्या निकालात नाही.