पिस्तुलाची पारख

शस्त्रपूजेचा दिवस दसऱ्याचा. तेव्हा वसंतातल्या व्याख्यानमालेत आम्ही पिस्तुलांचा विषय काढावा, ह्याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला जुने शस्त्र हे जुन्या कागदासारखेच असते. ते कोणी घडविले, कोणी विकले, कोणी विकत घेतले आणि ऐन वेळी त्याने धन्याला साथ दिली की दगा, ह्या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे त्या काळच्या समाजाचा पुष्कळसा उलगडा होतो. आमच्या पूर्वजांपाशी ही नजर होती. मराठ्यांच्या शस्त्रांत 'फिरंग' म्हणून एक तलवार असे. तिचे पाते युरोपातून आलेले आणि मूठ इथल्या कारागिराची. पाते घेताना पोलाद पाहावे आणि मूठ करताना आपला हात पाहावा, असा तो व्यवहार होता. आज आपण हीच कसोटी अर्धस्वयंचलित पिस्तुलांना लावून पाहू. चांगले पिस्तूल म्हणजे सुबक पिस्तूल, की भरवशाचे पिस्तूल? आणि ते चांगले की वाईट, हे ठरवावे तरी कोणी?

प्रथम ह्या यंत्राची जात ओळखून घेऊ. रिव्हॉल्वरमध्ये काडतुसांचे चक्र माणसाच्या बोटाच्या जोराने फिरते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात ते काम गोळी सुटतानाचा धक्काच करतो. चाप ओढला की गोळी सुटते, मागे बसणाऱ्या धक्क्याने यंत्र उघडते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि कमानीच्या जोराने यंत्र मिटताना नवे काडतूस नळीत चढते. दुसरी गोळी सोडण्यासाठी चाप मात्र पुन्हा ओढावा लागतो, म्हणून हे 'अर्ध' स्वयंचलित. काळ्या दारूच्या दिवसांत असे यंत्र चालणे कठीण होते, कारण तिची काजळी बारीक भागांत बसे. १८८४ साली पॉल व्हिएय ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने धूरविरहित दारू सिद्ध केली आणि ही अडचण दूर झाली. १८९३ मध्ये ह्यूगो बोर्शार्टने बर्लिनच्या लुडविग लोवे कारखान्यात ह्या जातीचे पिस्तूल काढले. ते चालत असे; पण इतके अवजड आणि बेढब होते की धन्यापेक्षा प्रदर्शनालाच अधिक शोभावे.

त्यानंतर तीन वर्षांनी, १८९६ साली, ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याने आपले पिस्तूल बाजारात आणले. फीडरले नावाच्या तिघा भावांनी ते कारखान्यात जुळविले आणि पेटंट झाले ते मालक पॉल माउझर ह्यांच्या नावाने. हे पिस्तूल म्हणजे कारागिरीचा नमुना. मुठीच्या लाकडी पट्ट्यांचा एक स्क्रू सोडला तर आत दुसरा स्क्रू नाही. सगळे भाग एकमेकांत कुलपासारखे अडकवून बसविलेले. दहा काडतुसांची पेटी चापाच्या पुढे पोटासारखी, मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल, आणि म्यान लाकडाचे. तेच म्यान मुठीला मागून जोडले की पिस्तुलाची खांद्याला लावण्याजोगी छोटी बंदूक होई. नेम धरण्याच्या पट्टीवर हजार मीटरपर्यंतचे आकडे कोरलेले असत. पिस्तुलाने हजार मीटरवर नेम साधावा, ही गिऱ्हाइकाला खूश करण्याची कला झाली, युद्धकला नव्हे.

गिऱ्हाईक मात्र खूश झाले. ब्रिटिश फौजेतील अधिकारी त्या काळी आपले पिस्तूल पदरच्या पैशाने घेत, आणि लंडनच्या दुकानांत माउझर मिळे. विन्स्टन चर्चिल ह्यांनी ते घेतले. त्यामागे मुंबईत घडलेला एक अपघात आहे. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर उतरताना त्यांनी भिंतीतली लोखंडी कडी धरली, तोच होडी लाटेबरोबर खाली गेली आणि त्यांचा उजवा खांदा निखळला. पुढे २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानात ओमदुरमानच्या लढाईत घोडदळाचा हल्ला झाला, तेव्हा ह्या दुखऱ्या खांद्यामुळे त्यांनी तलवारीऐवजी माउझर हाती घेतले आणि त्याने त्यांना साथ दिली. असे असूनही जर्मन सैन्याने हे पिस्तूल आपले प्रमाण शस्त्र म्हणून कधीच स्वीकारले नाही. पहिल्या महायुद्धात तुटवडा पडला तेव्हा दीड लाखांची मागणी केली, आणि त्या पिस्तुलांच्या मुठीवर तांबडा ९ चा आकडा कोरला, म्हणजे शिपायाने ९ मिलिमीटरऐवजी दुसऱ्या मापाचे काडतूस घालू नये. एकंदर दहा लाखांच्या आसपास माउझर पिस्तुले तयार झाली. त्यांचा मोठा वाटा चीनसारख्या परदेशांनी आणि खासगी खरेदीदारांनी उचलला.

दुसरे पिस्तूल लुगर. गेओर्ग लुगर ह्याने बोर्शार्टचे बेढब यंत्र घेऊन ते असे घासूनपुसून आटोपशीर केले की आजही ते हाती घेणारा माणूस क्षणभर थबकतो. वजन पावणेनऊशे ग्रॅमच्या आसपास. मूठ अशी तिरकी की हात पुढे केला की नळी आपोआप लक्ष्याकडे वळावी. यंत्र गुडघ्यासारखे. पाय ताठ असताना गुडघा भार सोसतो, किंचित वाकला की सोडून देतो. तसाच हा सांधा गोळी सुटताना ताठ असतो आणि मागे सरकताच वर वाकून उघडतो. स्वित्झर्लंडने ते १९०० साली घेतले, जर्मन आरमाराने १९०४ मध्ये आणि जर्मन भूसेनेने १९०८ मध्ये. त्याच्यासाठी निघालेले ९ मिलिमीटरचे काडतूस पिस्तुलांसाठी आजही जगभर चालते.

लुगरच्या बारीकसारीक भागांवर पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकलेले असत. पाहणाऱ्याला ही काटेकोरपणाची खूण वाटते, आणि ती तशी आहेही. पण तिचा दुसरा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. हा भाग ह्याच पिस्तुलासाठी फिटरने हाताने बसविला आहे, दुसऱ्याचा भाग ह्यात नीट बसेल अशी खात्री नाही, असाच त्याचा अर्थ. छावणीत दहा लुगर उघडून त्यांचे भाग एकत्र मिसळले तर पुन्हा दहा चांगली पिस्तुले मिळतीलच असे नाही. शिवाय सांधा वर उघडतो तेव्हा आतले यंत्र उघडे पडते, आणि खंदकातला चिखल तेवढी संधी सोडत नाही. काडतूस जरा नरम निघाले तर सांधा पुरता उघडत नाही. म्हणून लुगरचा धनी ते झाकणाच्या म्यानात जपून ठेवी. शस्त्राने धन्याला जपावे, तर इथे धन्याने शस्त्राला जपावे, असा हा संसार! घडविण्याचा खर्चही फार. अखेर जर्मनीनेच १९३८ साली वाल्टरचे साधे पिस्तूल स्वीकारले, आणि १९४२ मध्ये सैन्यासाठी लुगर घडविणे थांबले.

तिसरे पिस्तूल अमेरिकेतले कोल्ट. जॉन मोझेस ब्राउनिंग हा १८५५ साली युटातील ऑग्डेन गावी जन्मलेला बंदूकगाराचा मुलगा. फिलिपाइन्समध्ये मोरो लोकांशी लढताना अमेरिकी शिपायांना असा अनुभव आला की .३८ च्या रिव्हॉल्वरची गोळी लागूनही अंगावर येणारा माणूस थांबत नाही. म्हणून सैन्याने .४५ मापाचे पिस्तूल हवे असे ठरविले आणि १९०७ मध्ये चाचण्या सुरू केल्या. लुगरही तेथे आले होते. परंतु दोनशे पिस्तुलांच्या पुढच्या चाचणीतून त्याच्या कंपनीने अंग काढून घेतले. रिंगणात कोल्ट आणि सॅव्हेज उरले. मार्च १९११ च्या अखेरच्या परीक्षेत एकेका पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडल्या. पिस्तूल तापले की पाण्यात बुडवावे आणि पुन्हा सुरू करावे. सॅव्हेज सदतीस वेळा अडखळले. कोल्ट एकदाही अडखळले नाही. २९ मार्च १९११ रोजी सैन्याने ते स्वीकारले.

ह्या पिस्तुलात लुगरचा डौल नाही. वापरून जुने झालेले कोल्ट हलविले तर खुळखुळते. पण त्या खुळखुळण्यातच त्याचे इमान आहे. सरकत्या भागांत जागा मोकळी असल्यामुळे वाळूचा कण आत गेला तरी यंत्र अडत नाही. तक्रारी नव्हत्या असे नाही. धक्का मोठा, नेमाच्या खुणा बारीक, घोडा मागे येताना हाताच्या बेचक्याला चिमटा घेई, आणि लहान हाताच्या शिपायाला चाप लांब पडे. सैन्याने ह्या तक्रारी ऐकल्या. १९२० नंतरच्या दशकात चाप आखूड केला, घोड्याखालची मुठीची कड लांब केली आणि मूठ थोडी बाकदार केली. शिपायाच्या हातावरून यंत्राची दुरुस्ती झाली. आमच्या फिरंगीच्या मुठीचीच ही रीत.

दुसऱ्या महायुद्धात ह्या रचनेची खरी परीक्षा झाली. कोल्टचा कारखाना पुरा पडेना, तेव्हा सरकारने नकाशे आणि मापे इतरांच्या हाती दिली. आपल्या कचेऱ्यांतून ज्यांचा खडखडाट ऐकू येई त्या टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने आठ लाखांहून अधिक पिस्तुले केली. रेल्वेचे सिग्नल करणाऱ्या कंपनीनेही ती केली. घरोघरच्या शिंप्याला ठाऊक असलेल्या सिंगर कंपनीने पाचशे केली. एका कारखान्याची नळी दुसऱ्याच्या पिस्तुलात बसावी, हाच त्यामागचा हिशेब होता. १९८५ साली बेरेटाची निवड होईपर्यंत, म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षे, हे पिस्तूल अमेरिकी सैन्याचे प्रमाण शस्त्र राहिले.

आतापर्यंत ज्या धन्यांची गोष्ट झाली, त्यांना निवडीची मुभा होती. दुकानात जावे, हाताळून पाहावे, न पटल्यास दुसरे घ्यावे. हिंदुस्थानातील माणसाला ती नव्हती. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरले, आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट मिळाली. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच ह्या कायद्याविरुद्ध ठराव केला होता. तेव्हा इथे पिस्तुलाची पारख दुकानात झाली नाही. ती चोरवाटांवर झाली.

आणि तिथे चांगलेपणाची व्याख्याच बदलली. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन ह्यांच्याबरोबर जी वीस पिस्तुले पाठविली, ती ब्राउनिंगची होती आणि पेटीच्या चोरतळात दडवून आणली होती. बेल्जममध्ये होणारी ही पिस्तुले चपटी आणि गुळगुळीत असत. रिव्हॉल्वरचे चक्र जसे खिशातून उठून दिसते तसे त्यांचे होत नसे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे ह्यांनी कलेक्टर जॅक्सन ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंगमधून. पुढे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ह्या तिघांना फाशी झाली. त्या कृत्याचा न्याय-अन्याय हा आजचा विषय नव्हे. पण पिस्तूल दडविता येणे हाच ज्याच्या लेखी मोठा गुण, असा धनी कोणत्याही कारखान्याने डोळ्यांपुढे ठेवलेला नव्हता, एवढे खरे.

कलकत्त्याची हकीकत ह्याहून बोलकी आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा कंपनीच्या एका कारकुनाने जकातघरातून शस्त्रांच्या २०२ पेट्या सोडविल्या आणि १९२ कोठारात पोहोचविल्या. उरलेल्या दहा आणावयास म्हणून तो गेला, तो परतलाच नाही. त्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. ९ सप्टेंबर १९१५ रोजी बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्यांचे चार साथी पोलिसांशी लढले ते माउझर घेऊनच.

इथे थोडा हिशेब करू. ४६,००० भागिले ५०, म्हणजे पिस्तुलामागे ९२० गोळ्या. अमेरिकेच्या सैन्याने एक पिस्तूल केवळ तपासून पाहण्यासाठी ६,००० गोळ्या खर्च केल्या. बंगालच्या क्रांतिकारकांना सराव, लढाई आणि पुढची सगळी वर्षे मिळून ९२० मध्ये भागवावयाचे होते. मोडलेल्या भागाला दुसरा भाग नाही, कुशल फिटर नाही, संपलेल्या काडतुसाला दुकान नाही. आणि प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता व त्या क्रमांकांची नोंद कंपनीच्या वहीत होती. रौलट साहेबांच्या समितीने १९१८ साली लिहून ठेवले की ह्यांतील ४४ पिस्तुले नऊ गटांत वाटली गेली, ५४ गुन्ह्यांत ती वापरली गेली आणि तोवर ३१ हस्तगत झाली होती. ओबर्नडॉर्फच्या कारागिराने जो आकडा कारखान्याच्या शिस्तीसाठी ठोकला, तोच आकडा बंगालमध्ये धन्याविरुद्धचा साक्षीदार ठरला.

आज ही पिस्तुले बहुतेक संग्राहकांच्या कपाटांत आहेत. ज्या लुगरचे सारे आकडे जुळतात त्याला मोल अधिक, आणि सिंगरची ती पाचशे कोल्ट पिस्तुले दुर्मिळ म्हणून विशेष मोलाची. म्हणजे कोणताही भाग कोणालाही बसावा म्हणून जे घडविले, तेच आता मूळच्या भागांसह हवे असते! बाजाराची पारख ही अशी. सैन्याची पारख निराळी: चिखलातून काढून चाप ओढला तर गोळी सुटेल काय? आणि ज्याला निवडच नव्हती त्याची पारख आणखी निराळी: हे मला लपविता येईल काय, आणि माझ्या मागून माझ्याविरुद्ध बोलेल काय?

ब्राउनिंग १९२६ साली लिएजच्या कारखान्यात काम करता करताच वारला. त्याचे अखेरचे पिस्तूल दियदोने सेव्ह ह्या त्याच्या सहकाऱ्याने पुरे केले आणि ते १९३५ मध्ये बाहेर आले. त्यात तेरा काडतुसे बसतात. त्याच रचनेचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल स्वतंत्र भारताच्या सैन्यासाठी बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात घडले. ज्या प्रांतात नऊशेवीस गोळ्या मोजून वापराव्या लागल्या, तिथेच पुढे पिस्तूलही घडू लागले आणि त्याचे सुटे भागही. शस्त्राची खरी मालकी पावती हाती आल्याने मिळत नाही. ते मोडले असता दुरुस्त करण्याची ताकद आपल्यापाशी असली, तरच ते आपले. ह्या तीन कारखान्यांच्या इतिहासातून आम्हाला हाच अर्थ दिसतो, आणि तो पिस्तुलांपुरताच आहे असे आम्हाला वाटत नाही.